परड्यातल्या फणस-ऐनाचं लाकूड घराला वापरायचंय? तोडणीपासून चौकटीपर्यंत सगळं, पावसाळा मध्ये धरून

३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात आलेलं तौक्ते, या दोन वादळांत रायगड-रत्नागिरीकडे इतकी झाडं आडवी झाली आणि त्यातला बराच चांगला फणस-आंबा जळाऊच्या भावाने गेला. लोकांचं म्हणणं एकच, आता कोण चिरत बसणार, कोण वाळवत बसणार, त्यापेक्षा वखारीतून आयात लाकूड आणू. आणतात, आणि दोन पावसाळ्यांत दरवाजा घासायला लागतो. खरं सांगायचं तर आपल्याकडचं लाकूड घराला पुरून उरेल असं आहे, फक्त त्याचं वेळापत्रक आपल्या सोयीने चालत नाही, ते पावसाच्या हिशोबाने लावावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी तोड, लगेच चिराई, फेब्रुवारीच्या आत थप्पी, उन्हाळाभर वाळवण, जाड माल पावसाळ्यात छपराखाली आणि सुतारकाम दिवाळीनंतर. हे एवढं सांभाळलं की बाकीचं हातचं काम आहे.

हे सगळं कोकणातल्या हवेला धरून लिहितोय. घाटावर वाळवण लवकर होतं पण फुटतंही जास्त, ते पुढे येईलच.

कुठलं झाड कशाला

मेस्त्री झाड बघून जागा ठरवतात, आपण उलट करतो, आधी डिझाईन आणि मग सगळ्याला एकच लाकूड शोधतो. घरात प्रत्येक जागेचं काम वेगळं असतं, म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा.

साग सगळ्यांना माहितीय. तेलकट असतो, पाण्याला आणि वाळवीला टिकतो, वाळताना फारसा हलत नाही. पण हे गुण गाभ्याचे, बाहेरच्या पांढऱ्या भागाचे नाहीत. परड्यातला पंधरा-वीस वर्षांचा साग कापला तर त्यात पांढरंच बरंच निघतं आणि ते कुठल्याही साध्या लाकडासारखंच किडतं. 'सागवान आहे' या एका शब्दावर चौकटी लावून टाकू नका, गाभा किती आहे ते बघा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव उगाच नाही, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेही जुन्या जंगलातल्या मोठ्या गाभ्यामुळेच, आपल्या कुंपणाच्या सागाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

फणस माझ्या मते कोकणातलं सगळ्यात कमी लेखलेलं लाकूड. ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं, आणि उजेडात वर्ष-दोन वर्षांत मधासारखं तपकिरी होत जातं. सागापेक्षा थोडं हलकं किंवा तेवढंच, गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, रंध्याखाली छान येतं. चौकटी, दरवाजे, पाट, कपाटं, देव्हारे सगळं होतं. जुन्या घरांत दारं फणसाची असायची ती हौसेने नव्हे, टिकतात म्हणून. एकच त्रास, चीक. ओला फणस चिरताना करवतीच्या पात्याला चीक चिकटतो आणि पातं गरम होऊन वाकडं पळायला लागतं, त्यामुळे मिलवाले पाण्याची धार किंवा थोडं डिझेल मारत राहतात.

ऐन आणि किंजळ म्हणजे घराचा सांगाडा. खांब, तुळया, वासे, आढं म्हणजे छपराच्या माथ्याची आडवी तुळई. ऐन घनमीटरला साडेआठशे-नऊशे किलोच्या घरात जातो, साग साधारण साडेसहाशे, म्हणजे अंदाज घ्या. ताकद भरपूर पण वाळताना तापट, टोकांना फुटतो, उन्हात ठेवला तर पृष्ठभागावर बारीक चिरांची जाळी येते. वाळल्यावर त्यात खिळा सरळ जातच नाही. म्हणून ऐनाची फर्निचरची फळी काढायच्या भानगडीत सहसा पडू नका, त्याला जाड कामातच राहू दे. किंजळ जरा समजूतदार, वाशांना उत्तम.

शिवण हलकी, पण वाळताना आणि नंतरही फार कमी हलते. दाराचे आतले पॅनेल, कपाटाचे खण, माळ्याच्या फळ्या यासाठी हिच्यासारखी नाही. वजन झेलणाऱ्या जागी घालू नका.

आंबा भरपूर मिळतो पण त्याला टिकाऊ म्हणणं कठीण. कीड लवकर लागते आणि बुरशीचे निळे-काळे डाग आठवड्याभरात येतात. तरी ट्रीटमेंट करून आणि घराच्या आत ठेवून टेबल, बाकडी मस्त होतात, जुन्या झाडात रेषा पण सुंदर निघते. बाहेर, चौकटीला, जमिनीला टेकणाऱ्या जागी आंबा नको म्हणजे नको.

अजून एक, सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी रस्त्याच्या कडेला आणि कातळावर सगळीकडे दिसते. लोक ती फक्त जाळतात. सरळ खोड मिळालं, जे क्वचितच मिळतं, तर गाभा गडद तपकिरी आणि घट्ट असतो, छोट्या फर्निचरला झकास. आणि जुना माड. तो तसा झाडाच्या लाकडात मोडत नाही, पण बाहेरचा काळपट कडक भाग गोठ्याच्या नाहीतर मांगराच्या, म्हणजे परड्यातल्या खोपीच्या, वाशांना चालतो, आतला भुसभुशीत भाग टाकून द्यायचा.

परवानगी, आधीच

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. झाडं तोडण्याबाबतचा १९६४ चा राज्याचा कायदा खाजगी जमिनीतल्या झाडांनाही लागतो आणि त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, चिंच, मोह असं आपलं जवळजवळ सगळं परडं आहे. सातबारा घेऊन वनखात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज करायचा, पाहणी होते, मग परवानगी. शहरात म्हणजे नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे वृक्ष प्राधिकरण. वादळात पडलेलं झाड असेल तरी हात लावायच्या आधी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या. माल मिलवर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ओंडक्याच्या टोकावर खात्याच्या हातोड्याचा ठसा मारतात, तो ठसा असलेला तुकडा काम पूर्ण होईपर्यंत जपून ठेवायचा. मिल परवानाधारकच बघा. यादीत काय बदल झालेत, कुठल्या झाडाला सूट आहे हे तालुक्याच्या ऑफिसमध्ये विचारूनच पुढे जा, गावातल्या ऐकीव माहितीवर नको. या सगळ्याला वेळ जातो म्हणून अर्ज गणपती झाले की लगेच टाकायचा, म्हणजे थंडीत तोड मिळते.

तोडणी आणि ओंडका

थंडीत तोडायचं कारण साधं आहे. थंड हवेत बुरशी आणि किडे कमी, आणि पुढे चार-पाच कोरडे महिने हातात. अमावस्येला तोडलेलं लाकूड किडत नाही असं जुनी माणसं सांगतात, तुमचा विश्वास असेल तर अमावस्येलाच तोडा, काही बिघडत नाही, पण त्या भरवशावर पुढची काळजी सोडू नका. किडीला हवं असतं ते बाहेरच्या पांढऱ्या लाकडातलं पिठूळ सत्त्व, आणि ते तिथे कमी-जास्त असणारच. म्यानमारमध्ये पूर्वी साग उभा असतानाच बुंध्याशी गोल साल आणि पांढरं कापून ठेवायचे, झाड जागेवर वाळायचं आणि मग नदीतून तरंगत यायचं, पण आपल्याकडे ते बेकायदा ठरेल, करू नका.

ओंडका पाडला की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, दोन्ही टोकं बंद करायची. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांतून कितीतरी पटीने वेगात निघतं, टोक आधी आक्रसतं, मधलं तसंच राहतं आणि ओंडका फुटतो. जुना ऑइलपेंट, डांबर, मेण काहीही चालेल, जाड थर द्या. काहीच नसेल तर शेण-माती लिंपा, जुने लोक तेच करायचे आणि ते काम करतं, फक्त वाळून पडलं की परत लावावं लागतं. लांबी हव्या त्या मापापेक्षा सहा इंच जास्त ठेवा, टोकाला थोडं फुटणारच.

साल काढा. सालीखाली भुंगे अंडी घालतात. ओंडके जमिनीवर न ठेवता दोन आडव्या बल्ल्यांवर, सावलीत. फांद्यांच्या फळ्या काढायचा मोह होतो, पण वाकून वाढलेल्या फांदीत एका बाजूला ताण साठलेला असतो आणि तिची फळी वाळताना वाकडी होतेच, तिचे दांडे-मुठी करा नाहीतर सरळ चुलीत.

घरालगतच्या झाडात खिळे असतात, कपड्यांची तार, गायीची दोरी, निवडणुकीचा बोर्ड. टोकावर निळसर-काळा डाग दिसला की समजायचं आत लोखंड आहे, कारण लाकडातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला की काळं पडतं. छोटा मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो, एकदा फिरवून घ्या. मिलचं पातं तुटलं तर भरपाई आपल्याच माथी.

ताबडतोब चिराई जमत नसेल आणि पाऊस तोंडावर असेल तर ओंडका उघड्यावर सोडू नका. त्यापेक्षा तळ्यात किंवा वाहत्या ओढ्यात पूर्ण बुडवून ठेवलेला बरा, पाण्याखाली हवा नाही म्हणून बुरशी नाही, आणि पिठूळ सत्त्वही हळूहळू धुऊन जातं, नंतर कीड कमी लागते. पूर्ण बुडलेला हवा, अर्धा वर राहिला तर तिथेच कुजतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात होडीचं लाकूड ठेवतात ते ठीक, घराच्या लाकडात मीठ मुरलं की ते दर पावसाळ्यात ओल ओढतं आणि खिळे-बिजागऱ्या खातं.

किती माल निघेल

वखारीत अजून चौथाई घेराचं गणित चालतं. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर घ्या, त्याचा चौथा भाग इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. घेर ६० इंच आणि लांबी १० फूट असेल तर १५ गुणिले १५ गुणिले १० भागिले १४४, म्हणजे साधारण १५.६ घनफूट. खरं लाकूड त्यात जवळजवळ २० घनफूट असतं, हा हिशोब मुळातच साडेअठ्ठ्याहत्तर टक्के धरतो, उरलेली सूट साल-वाकडेपणाची. विकत घेताना हा हिशोब आपल्या फायद्याचा, विकताना उलटा, एवढं लक्षात ठेवा. आणि चिरल्यावर कामाचा माल खऱ्या घनफळाच्या निम्म्याच्या आसपास धरा, ओंडका वाकडा असेल तर त्याहून कमी. बाकी सालीकडच्या फळ्या आणि भुसा.

चिराई

मिलवर स्वतः उभं राहा. यादी घेऊन जा, 'मेस्त्री म्हणाले तसं कापा' असं सांगून चहाला गेलात की सगळ्याच्या दीड इंची फळ्या होऊन येतात. यादीत आधी मोठे नग, मग लहान. चौकटीचे उभे, आडवे, मग वासे, मग फळ्या, शेवटी रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या.

तीन गोष्टींवर भर द्या. पहिली, ओंडक्याचा अगदी मधला ठिपका कुठल्याही फळीत येऊ देऊ नका. तो ज्या फळीत येतो ती मधोमध फुटते, वाळवण कितीही चांगलं केलं तरी. मधली पट्टी वेगळी काढून तिचे खुंट करा. जाड खांबात तो येणारच, तिथे चालतो, पण तडा जाणार हे गृहीत धरून ती बाजू भिंतीकडे फिरवायची.

दुसरी, फळी कुठल्या दिशेने काढता. वर्तुळांना स्पर्श करत काढलेली रुंद फळी, जिच्यावर डोंगरासारख्या रेषा दिसतात, ती दिसायला छान पण रुंदीत आक्रसते ती उभ्या रेषांच्या फळीच्या जवळजवळ दुप्पट, आणि वाळताना सालीकडच्या बाजूने वाटीसारखी वळते. म्हणून चौकटी आणि दाराच्या उभ्या पट्ट्यांना शक्यतो उभ्या रेषांचं लाकूड, आणि डोंगर-रेषा पॅनेलला, टेबलाला. सगळा ओंडका उभ्या रेषांत काढायचा हट्ट धरला तर माल खूप वाया जातो, लहान ओंडक्यात तर ते जमतही नाही.

तिसरी, सूट. सुतारी भाषेत इंचाला आठ सूत. तयार एक इंच फळी हवी तर ओली दहा सूत चिरा. तयार ४ बाय ३ इंची चौकट हवी तर दोन्हीकडे किमान दोन सूत जास्त. ऐनाला अजून थोडी. वाळण्यात जातं, रंध्यात जातं, आणि थोडं पिळलेलं सरळ करण्यात जातं. मिलवाला म्हणतो एवढी सूट कशाला, माल वाया जाईल. ऐकू नका.

कीड: चिराईच्या दिवशीच

लाकडातून पीठ पडायला लागलं की मग लोक औषध शोधतात. खरी वेळ चिराईनंतरचे पहिले दोन दिवस, लाकूड ओलं असताना. बोरॅक्स आणि बोरिक पावडर ओल्या लाकडात पाण्यासोबत आत सरकतात, वाळलेल्यात वरच्यावरच राहतात. दहा लिटर गरम पाण्यात ३६० ग्रॅम बोरॅक्स, २४० ग्रॅम बोरिक, पूर्ण विरघळवा. फळ्या त्यात बुडवता आल्या तर उत्तम, नाहीतर ब्रशने दोन-तीन हात चारी बाजूंनी, मग एकावर एक रचून प्लास्टिकने दोन आठवडे झाकून ठेवा म्हणजे औषध आत जाईल. नंतर उघडून थप्पी लावायची. आंबा, शिवण आणि कुठल्याही झाडाचं पांढरं, यांना हे लावाच. साग-फणसाच्या निव्वळ गाभ्याला गरज नाही. हातमोजे घाला आणि उरलेलं पाणी गुराढोरांच्या वाटेत ओतू नका. हे औषध पाण्यात धुऊन जातं म्हणून पावसात भिजणाऱ्या जागी त्याचा उपयोग नाही.

तिथे आपलं डिंबेल, काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना लावतात तेच. वाशांची टोकं, चौकटीची भिंतीकडची बाजू, खांबाचा तळ, सगळीकडे वाळल्यावर दोन हात. काळं होतं आणि हाताला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, त्यामुळे पूर्ण बाह्या, मोजे, आणि पोरांना लांब ठेवा.

थप्पी आणि वाळवण

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायची, आणि इथेच लोक आळस करतात. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या फळ्या म्हणजे वाळवण नाही.

जागा अशी की वारा आरपार जातो पण ऊन आणि पाऊस थेट लागत नाही. मांगर, उघडी पडवी, नाहीतर चार खांबांवर पत्रा. खाली जांभ्या चिऱ्यांचे पाये, किमान सव्वा-दीड फूट उंच, सगळे एका पातळीत. पाणसाळ लावून बघा, कारण पाये वाकडे तर पूर्ण थप्पी वाकडी आणि फळी त्या आकारात कायमची वाळते. त्यावर जाड बल्ल्या, मग पहिला थर. फळी-फळीत इंचभर फट. दोन थरांमध्ये वाळलेल्या लाकडाच्या एक इंच जाडीच्या पट्ट्या, दर दीड ते दोन फुटांवर, आणि टोकाला अगदी काठावर एक. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत यायला हव्यात. पट्टी इकडे-तिकडे सरकली की मधली फळी तिथे झोळ खाते. ओल्या पट्ट्या वापरल्या तर त्यांचे काळे पट्टे फळीवर उमटतात आणि ते रंध्याने पण जात नाहीत.

थप्पीची रुंदी चार फुटांच्या वर नको, नाहीतर मधल्या फळ्यांना वारा मिळत नाही. जाड माल खाली, पातळ वर, आणि सगळ्यात वर परत चिऱ्यांचं वजन, म्हणजे वरचे थर पिळत नाहीत. टोकांचा पेंट निघाला असेल तर परत मारा.

फेब्रुवारी-मार्चला पूर्वेकडून कोरडा गरम वारा येतो, तेव्हा ऐन-किंजळच्या थप्पीला त्या बाजूने गोणपाट लावून वारा अडवा. या दोघांना पहिले काही आठवडे हळू वाळू द्यायचं. शिवण-आंब्याला उलट, लवकर वाळले नाहीत तर बुरशी, त्यांना मोकळं सोडा, दमट दिवस आले तर पंखा लावा. घाटावर हाच नियम अजून कडक. सोलापूर-नगरकडे एप्रिलची हवा इतकी कोरडी की फणसाची फळी पण टोकाला उघडते, तिथे थप्पी पूर्ण बंदिस्त शेडमध्ये बरी.

किती दिवस? दरवर्षी एक इंच असं सगळे सांगतात, ते थंड देशांतलं आहे. आपल्याकडे जानेवारीत थप्पी लावलेली इंची साग-फणस-शिवण फळी मे अखेरीस बऱ्यापैकी तयार होते. दोन-तीन इंची चौकटीचा माल पावसाळा काढून पुढच्या उन्हाळ्याला. तुळया-वासे पूर्ण वाळायची वाट कोणीच बघत नाही, ते अर्धवट वाळलेले चढतात आणि जागेवर वाळतात, त्यासाठी जोड तसे करायचे, खाली सांगतो.

अंदाजाने न ठरवता वजन करा, हे सगळ्यात स्वस्त. थप्पी लावताना एका मध्यम फळीच्या टोकापासून फूटभर आतून एक इंच लांबीचा तुकडा कापा, लगेच किचनच्या काट्यावर वजन. मग ओटीजीमध्ये १०० ते १०५ डिग्रीला ठेवून, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा २०० ग्रॅमचा १५० झाला, तर ५० भागिले १५०, म्हणजे ३३ टक्के ओल. आता उरलेली फळी १२ किलो असेल तर तिचं पूर्ण कोरडं वजन १२ भागिले १.३३, म्हणजे ९ किलो. ही फळी थप्पीत अशी ठेवा की काढता येईल, दर महिन्याला हुकच्या काट्याला लटकवून वजन तिच्यावरच पेन्सिलने लिहा. १०.३ किलोच्या आसपास आली की १४ टक्के, कोकणातल्या घराला काम सुरू करायला पुरे. सुईचं मीटर असेल तर फळीच्या वरून रीडिंग घेऊ नका, मधोमध कापून ताज्या तोंडावर घ्या, बाहेरून कोरडी आणि आत ओली फळी सर्रास असते.

१४ हा आकडा कोकणाचा. इथे पावसाळ्यात घरात ठेवलेलं कोरडं लाकूड पण १७-१८ टक्क्यांवर जातं आणि उन्हाळ्यात १२-१३ ला येतं. हेच फर्निचर पुण्याला, त्यातही एसीच्या खोलीत जाणार असेल तर अजून खाली आणावं लागतं, नाहीतर तिथे जाऊन सांधे उघडतात. अशा वेळी काम सुरू करायच्या आधी फळ्या काही आठवडे त्याच खोलीत नेऊन ठेवा.

बांधकाम

लाकूड वाळल्यावरही हलतं, हे धरूनच सगळे जोड. लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यातल्या १८ वरून उन्हाळ्यातल्या १२ टक्क्यांवर आलं तर एक फूट रुंद डोंगर-रेषांची सागाची फळी साधारण एक सूत आक्रसते, ऐनाची दीड. तीन फुटी दाराला हाच हिशोब लावा, सागाचं तीन-साडेतीन सूत होतं. म्हणून फळ्या जोडून सपाट दार करू नका, चौकट-पॅनेलचं करा. पॅनेल खाचेत सुटं, गोंद-खिळा काही नाही. ऑगस्टमध्ये दार बसवत असाल तर पॅनेल फुगलेलंच आहे, खाचेत थोडं कमी अंतर चालेल. मे महिन्यात बसवत असाल तर रुंदीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत जागा सोडा, नाहीतर जुलैत पॅनेल फुगून चौकटीचे सांधे फोडतं. पॅनेलला पॉलिश बसवायच्या आधी मारा, म्हणजे आक्रसलं तरी कडेला पांढरी पट्टी दिसत नाही.

टेबलाचा पाट खालच्या फ्रेमला घट्ट स्क्रूने बांधला की फुटतो. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंना लांबट भोकं.

दाराच्या चौकटीला कूस (एका लाकडाच्या टोकाची जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसणारी) आणि पाचर, यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. कूस लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. पाचर आणि खुंटी चौकटीपेक्षा जास्त वाळलेल्या लाकडाची हवी, चुलीवरच्या माचावर ठेवून वाळवलेली एकदम फिट बसते आणि नंतर थोडी फुगून अजून आवळते. चौकटीची भिंतीकडची बाजू डिंबेल नाहीतर डांबर. उभ्यांचे पाय थेट फरशीत गाडू नका, कोबा धुताना पाणी तिथेच शिरतं आणि दहा वर्षांत तळ कुजतो, खाली दगडाचा उंबरठा किंवा चकती द्या. ताज्या प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने पाणी असतं, त्यामुळे चौकट आधी बसवली तरी दाराचं फायनल फिटिंग भिंत वाळल्यावरच.

खांबाखाली तळखडा, म्हणजे दगडाची बैठक, हवाच. जुन्या घरांचे ऐनाचे खांब अजून उभे आहेत ते जमिनीपासून वर, दगडावर टेकलेत म्हणून. हल्ली लोक खांब सिमेंटमध्ये पुरतात, सिमेंट पाणी धरून ठेवतं आणि खांब नेमका जमिनीच्या पातळीला कुजतो. बसकणीला लोखंडी पट्टी लावत असाल तर ती पण दगडाच्या वर असू दे.

छपराला मंगलोरी कौलं धरली तर वाळलेल्या कौलांचंच चौरस मीटरला ४५-५० किलो वजन येतं, भिजल्यावर जास्त. दोन फुटांवर ३ बाय ४ इंची ऐन किंवा किंजळचे वासे आठ फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, निवांत चालतात. गाळा बाराच्या पुढे गेला की इंजिनीअरला दाखवा, तिथे अंदाज नको. प्रत्येक वाशाला थोडा बाक असतोच, तो पोट वर करून ठेवा, वजनाने सरळ होतो. खाली पोट असेल तर दोन पावसाळ्यांनी छपराला झोळ दिसतो. रिपांचं अंतर कागदावर काढू नका, आपल्या कौलांच्या दोन रांगा जमिनीवर रचून बघा आणि माप घ्या, साधारण साडेबारा इंच येतं, पण कारखान्या-कारखान्यात फरक असतो. पागोळीपुढे अडीच-तीन फूट छप्पर काढा, भिंतही वाचते आणि वाशांची टोकंही. उतार तीस अंशाच्या आत आणू नका, आपल्या पावसाला पुरत नाही.

वासे अर्धवट ओले चढवले असतील तर खिळ्यांवर सोडू नका, आढ्यावर आणि भिंतीच्या माथ्यावर आडव्या टाकलेल्या पाटावर बोल्ट घाला, म्हणजे नंतर आवळता येतात. ऐनात आधी ड्रिलने भोक, मग स्क्रूला साबण लावून. साधा लोखंडी खिळा ऐन-फणसात काळा ओघळ सोडतो, दर्शनी जागी पितळ किंवा स्टेनलेस.

पॉलिशबद्दल माझं मत, बाहेरच्या कामाला चकचकीत व्हार्निश नको. दोन वर्षांत उन्हाने सोलपटं निघतात आणि खाली पाणी अडकतं. जवसाचं तेल पातळ करून दोन-तीन हात, दर वर्षी पावसाआधी एक हात, भागतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

पहिल्या वर्षी होळीनंतर एकदा छपरात चढून सगळे बोल्ट आवळा, खांबाच्या माथ्याच्या पाचरी ठोका, आणि कुठे पीठ पडलंय का ते बॅटरी घेऊन बघा. पीठ ताजं पांढरं असेल तर भोकात सिरिंजने औषध घाला, पिवळट जुनं असेल तर झाडून टाकून महिन्याने परत बघा, नवीन पडलं नाही तर कीड कधीच मेलीय.